निवडुंगाला मीठ चालत नाही



मागे इथे "गावाकडच्या शेतीत पैसे घालावेत का" यावर बरीच गरमागरम चर्चा झाली. त्यात दोघा-तिघांनी बिनकाट्याच्या निवडुंगाचा तो व्हिडिओ पाठवला होता. पाणी नको, खत नको, खाऱ्या जमिनीतही येतो, आणि बारा महिने हिरवा चारा! एका मित्राने तर विचारलं, "कोणी करून पाहिलंय का?" मी केलंय. तेव्हा गप्प बसलो, कारण हात पोळलेला माणूस लगेच बोलत नाही. पण आता सविस्तर लिहितो. लांबलंय थोडं, चहा घेऊन बसा.

सुरुवात झाली क्यू गार्डन्समध्ये. २०१९ च्या जूनमध्ये आई पहिल्यांदा इंग्लंडला आली. आमचं गाव सांगोला तालुक्यात. त्या वर्षी तिकडे दुष्काळ इतका कडक होता की आमच्या दोन गाई आणि म्हैस चारा छावणीत बांधलेल्या होत्या. आई इकडे आली खरी, पण तिचा जीव छावणीत. रोज रात्री धाकट्याला फोन, "पेंड मिळाली का, म्हशीनं पाणी पिलं का?" तिचं मन रमवायचं म्हणून आम्ही तिला क्यूला नेलं. तिथल्या प्रिन्सेस ऑफ वेल्स कॉन्झर्व्हेटरीत वाळवंटातल्या झाडांचा एक भाग आहे. काचेखाली ऊबदार, गोटे-वाळू मांडलेली, आणि त्यात रुबाबात उभे निवडुंग. आई थबकली. "अरे, हा तर आपला फड्या निवडुंग! ह्याला बघायला तिकीट काढलंस?"

मग तिथल्याच बाकावर बसून तिने सासूची, म्हणजे माझ्या आजीची गोष्ट सांगितली. आजीच्या लहानपणी दुष्काळात बांधावरचा फड्या निवडुंग तोडून आणायचे, आगीवर धरून काटे जाळायचे, कोयत्याने तुकडे करायचे आणि जनावरांपुढे टाकायचे. "आवडीनं नाय खायची. पण जगायची." हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचे आठशे पौंड वाचले असते.

आजीची गोष्ट खरी होती. इंग्रजी अमदानीत दख्खनमध्ये दुष्काळ पडला की हा उद्योग चालायचा. मग हा निवडुंग गेला कुठे? त्याचाही इतिहास आहे. निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीज-इंग्रजांच्या मागोमाग आपल्याकडे आलेला. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी ब्राझीलहून लाल रंग देणारा किडा भारतात आणला. हवा होता तो अस्सल कोचिनीलचा किडा, आला त्याचा हलका भाऊबंद. रंगाचा धंदा बुडाला, पण त्या किड्याने उत्तरेकडचा आणि मध्य भारतातला निवडुंगाचा एक प्रकार फस्त केला. पुढे दक्षिणेत दुसऱ्या जातीच्या निवडुंगाने रानंच्या रानं व्यापली तेव्हा १९२६ च्या सुमारास मुद्दाम दुसरा किडा सोडला आणि तोही तण म्हणून संपवला. म्हणजे एका पिढीने ज्याला शत्रू समजून मारलं, त्यालाच दुसरी पिढी रोपवाटिकेतून विकत आणते आहे. असो.

आई परत गेली. मग आला कोविड. २०२० आणि २०२१ मध्ये गावी जाणं झालं नाही. आपल्यापैकी अनेकांचं तेच झालं. घरात बसून लॅपटॉपवर काम, आणि काम झालं की गावाची काळजी. मी प्रोजेक्ट मॅनेजर माणूस. काळजीचंही स्प्रेडशीट करतो. निवडुंगाबद्दल जे सापडेल ते वाचलं, आणि वाचलेलं चुकीचं नव्हतं. ईशान्य ब्राझीलमध्ये लाखो हेक्टरवर चाऱ्यासाठी निवडुंग आहे, ट्युनिशियात आहे, मेक्सिकोत तर माणसंही भाजी करून खातात. आपल्याकडे फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याच्या जाती पूर्वीच आणून पाहिल्या, आणि उरुळी कांचनची बायफ अलीकडच्या वर्षांत शेळ्यांसाठी त्यावर काम करते आहे. सगळं खरं.

निवडुंग कमी पाण्यात कसा जगतो, हेही फार सुंदर आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंग दिवसा दारं बंद ठेवतो आणि रात्री गारव्यात उघडतो. रात्री घेतलेली हवा आंबट आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उन्हात ते आम्ल वापरून अन्न करतो. गंमत म्हणजे या गोष्टीचा एक जुना पुरावा आपल्या ओळखीच्या झाडाचा आहे. बेंजामिन हाइन नावाच्या, भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर आंबट लागलं, दुपारी चावलं तर चव गेलेली. त्याने तसं लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. आपल्या अंगणातल्या कुंडीतली पानफुटी!

तर, एवढं ज्ञान झाल्यावर माणूस गप्प कसा बसेल? मी धाकट्याला फोन केला. आमच्या जमिनीचे दोन भाग आहेत. एक वरचा माळ, मुरमाड, दगडगोट्यांचा. दुसरा ओढ्याकडचा सखल पाऊण एकर. तिथे उन्हाळ्यात पांढरी खार फुटते, बोअरचं पाणीही मचूळ. माझा हिशोब सरळ होता. माळावर निदान कधीमधी बाजरी, मटकी तरी होते. ओढ्याकडचा तुकडा पडीक. पडीक जमिनीत निवडुंग लावू, म्हणजे नुकसान शून्य, फायदा शंभर टक्के.

धाकटा म्हणाला, "दादा, तिथं ज्वारी पिवळी पडती. हे तरी कशापायी येईल?"

मी म्हणालो, "अरे, तो निवडुंग आहे. वाळवंटात येतो."

"वाळवंट कोरडं असतंय दादा. हे खारं हाय."

मंडळी, हे वाक्य त्याने २०२१ च्या मे महिन्यात म्हटलं. बी.ए. पहिल्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या माझ्या भावाने. मी त्याला दोन पेपर आणि एक व्हिडिओ पाठवला. ज्याच्याकडून पानं घ्यायची होती त्यानेही फोनवर छातीठोक सांगितलं होतं, "साहेब, खाऱ्या जमिनीत हमखास." मी आठशे पौंड पाठवले, त्या वेळचे ऐंशी हजारांच्या वर रुपये. त्यात पानं, वाहतूक, कुंपण, मजुरी आली. जुलैमध्ये लागवड झाली. धाकट्याने फोटो पाठवले. रांगेत उभी हिरवी पानं, सगळी ससाच्या कानासारखी. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवली.

पावसाळाभर ती तशीच हिरवी दिसली. निवडुंगाची हीच फसवणूक आहे. त्याच्या अंगात पाणी असतं, त्यामुळे मुळं धरली नसली तरी महिनोन्महिने तो ताजा दिसतो. जानेवारीत पानं सुरकुतली, कडेने पिवळी झाली. मार्चपर्यंत निम्म्याहून जास्त आडवी. मी फोनवर म्हणालो, "पाणी कमी पडलं असेल." म्हणून धाकट्याने बोअरचं पाणी दिलं. मचूळ पाणी. म्हणजे मिठाच्या जखमेवर मीठच. मे महिन्यात त्या पाऊण एकरात उरलं ते फक्त माझं कुंपण.

मग मी जे लागवडीआधी करायला हवं होतं ते केलं. माती तपासून घेतली. खर्च किती? काही शे रुपये. मातीतले क्षार विद्युत वाहकतेवरून मोजतात. ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. आमची ८ च्या आसपास. आणि निवडुंगाबद्दल पुन्हा वाचलं, या वेळी 'मीठ' हा शब्द शोधून. कॅलिफोर्नियात पार्क नोबेल यांनी या झाडावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालेलं आहे की चाऱ्याचा निवडुंग मिठाच्या बाबतीत नाजूक आहे. समुद्राच्या पाण्यात जितकं मीठ असतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याला त्याची वाढ खुंटते, आणि सगळ्यात आधी मार खातात ती मुळं. निवडुंगाची मुळं उथळ असतात. पाऊस पडला की झटपट नवी मुळं फुटतात आणि मिळेल ते पाणी ओढतात, हेच त्याच्या जगण्याचं गुपित. खार साचते तीही वरच्याच थरात. म्हणजे ज्या ताकदीवर तो दुष्काळात तग धरतो, तीच ताकद खाऱ्या जमिनीत त्याला नडते.

कोरडं आणि खारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओवाल्याने त्या एका वाक्यात बसवल्या, आणि मी त्या तशाच गिळल्या.

आता गोष्टीतला इंग्लंडचा भाग. मी मिल्टन कीन्सला राहतो. इथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर वोबर्न. मुलांना सफारी पार्क दाखवायला आपण सगळेच तिथे जाऊन आलोय. त्याच वोबर्नजवळ हजबर्न क्रॉली इथे १८७६ पासून एक शेतकी प्रयोग केंद्र आहे. खाऱ्या जमिनींबद्दल शोधताना मला एक नाव भेटलं, डॉ. हॅरॉल्ड मॅन. हे गृहस्थ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते, पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा त्यांनी केलेला अभ्यास १९१७ साली पुस्तकरूपाने आला. कोणाची किती जमीन, किती तुकडे, किती कर्ज. आज तिथे आयटीवाल्यांचे टॉवर उभे आहेत, आपल्या लिस्टवरच्या दोघांचे फ्लॅटही आहेत! आणि त्याआधी, १९१० साली, व्ही. ए. ताम्हणे यांच्याबरोबर त्यांनी नीरा खोऱ्यातल्या खार जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. पंचवीस वर्षांच्या आत जमिनी खारावण्याचा प्रश्न पुस्तिका काढण्याइतका मोठा झाला होता.

निवृत्तीनंतर मॅन इंग्लंडला परतले आणि १९२८ पासून जवळजवळ तीस वर्षं या वोबर्नच्या केंद्रात काम करत राहिले. इथे असतानाच त्यांनी मुंबई दख्खनचा पाऊस आणि दुष्काळ यांवरचं पुस्तक पुरं केलं, ते १९५५ साली मुंबईत प्रसिद्ध झालं. मी पंधरा वर्षं त्या रस्त्याने जातोय. माझ्या गावच्या दुष्काळाचा आणि खाऱ्या मातीचा इतका विचार केलेला माणूस माझ्या घराशेजारी राबून गेला, आणि मला माहीत नव्हतं. मला माहीत होता तो व्हिडिओ.

२०२२ च्या डिसेंबरात मी गावी गेलो. धाकटा मला ओढ्याकडे नेण्याऐवजी वर माळावर घेऊन गेला. तिथे दगडगोट्यांत शंभर-सव्वाशे निवडुंग उभे! कमरेएवढे, एकेकाला पाच-सात पानं. मी बघतच राहिलो. लागवडीच्या वेळी त्याने शंभरेक पानं बाजूला काढून माळावर लावली होती, आणि ओढ्याकडची मरायला लागल्यावर त्यातली जिवंत होती ती उपटून, सावलीत सुकवून, वर आणून लावली होती. मला सांगितलं नव्हतं.

"का रे नाही सांगितलंस?"

"तुमचं पैसं, तुमचा प्लॅन. मोडता कशाला घाला म्हटलं."

मंडळी, हे ऐकून मला जे वाटलं ते आठशे पौंडांच्या नुकसानीपेक्षा जड होतं. पैसे पाठवणारा मी, त्यामुळे आपोआप साहेब झालो होतो. तो 'अरे दादा' वरून 'तुमचं' वर कधी गेला, मला कळलंच नव्हतं.

२०२३ साली पावसाने पुन्हा दगा दिला. ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोलाही होता. त्या हिवाळ्यापासून धाकट्याने माळावरची पानं तोडायला सुरुवात केली. रोज साधारण दहा किलो. कोयत्याने बारीक तुकडे, कडबाकुट्टीत मिसळून, वर थोडी सरकी पेंड. शेळ्या पहिले दोन दिवस हुंगून निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी खाल्लं. कडबा त्या वर्षी महाग होता, टँकरची वाट बघावी लागत होती. दोन-अडीच महिने त्या निवडुंगाने हात दिला. घर तारलं असं म्हणणार नाही. पण एकही शेळी विकावी लागली नाही, हे खरं.

आता ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी माझा अनुभव आणि वाचलेलं मिळून थोडक्यात:

१. निवडुंगाच्या पानात नव्वद टक्के पाणीच असतं. दहा किलो पानं म्हणजे एक किलो सुका चारा आणि नऊ लिटर पाणी. चारशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण दहा किलो सुका चारा लागतो. म्हणजे दहा किलो निवडुंगाने तिची दहा टक्के गरज भागते. "टनावारी चारा" म्हणून कोणी हिशोब दाखवला तर आधी नव्वद टक्के वजा करा. पण टंचाईत ते पाणीही मोलाचं आहे. मेंढ्या पुरेसा निवडुंग खात असतील तर वेगळं पाणी जवळजवळ पीत नाहीत, असं प्रयोगांत दिसलंय.

२. एकटा निवडुंग कधीच देऊ नका. त्यात प्रथिनं फार कमी, चोथाही कमी. नुसता दिला की शेण पातळ होतं आणि जनावर उतरतं. बरोबर कडबा किंवा भुसा हवाच, आणि प्रथिनांसाठी पेंड किंवा शेवरी, सुबाभळीचा पाला.

३. माती आणि पाणी दोन्ही तपासा. खार फुटत असेल तर तिथे लावू नका. पाणी साचतं तिथेही नाही, मुळं कुजतात. मुरमाड, निचऱ्याची जमीन त्याला मानवते. दुष्काळी आणि खाऱ्या प्रदेशात निवडुंग उपयोगी पडतो, पण वेगळ्या रीतीने. ट्युनिशियात खाऱ्या जमिनीत अ‍ॅट्रिप्लेक्स नावाचं खारं झुडूप वाढवतात आणि चांगल्या जमिनीत निवडुंग. मग दोन्ही एकत्र चारतात. झुडपात प्रथिनं भरपूर पण मीठही भरपूर. निवडुंगात प्रथिनं नाहीत पण पाणी आहे, ते मिठाची तहान भागवतं. खाऱ्या जमिनीचा चारा आणि कोरड्या जमिनीचा चारा गव्हाणीत एकत्र येतात, शेतात नाही.

४. तोडलेली पानं दोन-तीन आठवडे सावलीत सुकवून मगच लावा, म्हणजे जखम भरते. पहिली दोन वर्षं तोडायचं नाही, आणि शेळ्यांपासून राखायचं. कुंपणाचा खर्च धरा.

५. पांढरा कापसासारखा किडा दिसला की ते पान लगेच कापून नष्ट करा. चिरडला की लाल रंग निघतो, तीच ओळख. २०१४ पासून याच किड्याने मोरोक्कोतल्या निवडुंगाची धूळधाण केली. आपल्याकडे तर आपणच तो आणलेला आहे. म्हणून सगळी भिस्त एका पिकावर नको.

६. पानं घेताना फोनवरच्या 'हमखास'वर जाऊ नका. फलटण, उरुळी कांचन आपल्या गावांपासून फार लांब नाहीत. भावाला सांगा, जाऊन बघून ये. २०२२ पासून केंद्र सरकारनेही पाणलोट योजनेत बिनकाट्याच्या निवडुंगाला जागा दिलीय, त्याची चौकशी तालुक्यालाच होईल.

७. आधी शंभर पानं लावा. दोन वर्षांनी तीच पानं पुढच्या लागवडीचं बेणं होतात. मग आठशे पौंड लागतच नाहीत.

आणि आठवा मुद्दा शेतीचा नाही. गावी राहणारा भाऊ, चुलता, मेहुणा जेव्हा "तिथं येत नाही" म्हणतो, तेव्हा तो आळस करतोय असं समजू नका. तो माहिती देतोय. आपल्या एक्स्चेंज रेटमुळे त्याचा आवाज खाली जातो, एवढंच.

ओढ्याकडच्या तुकड्यात आता धाकट्याने चर खणलाय. पावसाचं पाणी खार धुवून चरातून ओढ्याला जातं. दोन पावसाळ्यांनंतर कडेला थोडं गवत धरलंय. वेळ लागेल म्हणतो. माझं कुंपण मात्र त्याने उपटून माळावर नेलं.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. गेल्या भेटीत तिला माळावर नेलं. निवडुंगाकडे बघून म्हणाली, "हितं तिकीट नाय का रे?"

चूकभूल द्यावी घ्यावी. कोणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल, विशेषतः अकोला-अमरावतीकडच्या खारपाण पट्ट्यातले किंवा शिरोळ-वाळव्याच्या क्षारपड जमिनीतले कोणी असतील, तर जरूर लिहा. यश आलं असेल तर लिहाच, पण फसलं असेल तर आधी लिहा.

आपला,
मिल्टन कीन्सवरून एक सांगोलेकर